पातळ कडेचे ताव

मुलांनो, गेल्या आठवड्यात थोरलीने फोनवर सांगितलं, की तिच्या कारखान्यात नवीन प्रशिक्षण सुरू आहे. बिघाडांच्या खुणा करायच्या आणि खरं कारण हाती लागेपर्यंत "का?" विचारत राहायचं. "आजी, तुला कंटाळा येईल ऐकून," असंही ती म्हणाली. कंटाळा कशाचा? लग्नानंतर, पन्नासच्या दशकात, वर्ध्याजवळच्या एका हातकागदाच्या शेडमध्ये मी हेच काम केलं आहे. त्यात एक मोठी चूकही केली. ती तुम्हाला कोणी वर्गात शिकवणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

नागपूरला इंग्रजी शिकलेली म्हणून मला तयार ताव तपासायचं काम मिळालं होतं. चिंध्यांचा लगदा पाण्याच्या हौदांत कालवलेला असे. एकेका हौदाशी एकेक बाई जाळीची चौकट दोन्ही हातांनी बुडवून वर काढी आणि पाणी निथळेपर्यंत सपाट धरी. चौकट जरा कलली, की तावाची एक कड पातळ होई. असा ताव पुन्हा कुटायला जाई.

त्या वर्षी पातळ कडेचे ताव फार निघू लागले. व्यवस्थापक गावातलेच, कामाला कडक. वाटेलगतच्या पहिल्या हौदावरच्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं. "तिचा हात गेला आता. सोमवारपासून तिले नका बसवू." ती विधवा होती, तिच्या या कामावर तीन लेकरं जेवत होती. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

भिंतीवर कोळशाने प्रत्येक हौदाचा रकाना आखला. खराब तावामागे एक रेघ, पाचवी रेघ आडवी. बायका हसायच्या. "काऊन वो बाई, काळी रांगोळी काढून राह्यल्या? सण आहे का काही?" तीन दिवसांत पहिला रकाना भरून गेला, बाकीचे जवळजवळ कोरे.

मग हौदाचा दोष की हाताचा, हे पाहायला मी सेलूकडून येणाऱ्या एका गोंड बाईला पहिल्या हौदावर उभं केलं. दिवसभर तिचे ताव चांगले निघाले. "पाहा," व्यवस्थापक म्हणाले, "झालं ना सिद्ध?" मी मान डोलावली. चूक इथेच झाली. मी अर्धीच अदलाबदल केली होती. पहिल्या बाईला दुसऱ्या हौदावर नेण्याऐवजी चिंध्या निवडायला बसवलं होतं.

संध्याकाळी ती जवळ आली. "बाई, मंग उद्यापासून मी येऊ का नाई?"

"येजो," मी म्हटलं; मागून घेतलेली मुदत अजून संपली नव्हती. "तुझ्याच हौदावर."

दुसऱ्या दिवशी रेघा मारायचं सोडून मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. हात अगदी स्थिर. एवढ्यात व्यवस्थापक चिंध्यांच्या कोठीकडे निघाले. कोठी हौदांच्या मागे, रस्ता तिच्या पाठीशी. पावलं ऐकू येताच तिचा डावा हात चौकटीवरून सुटला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून परत आला. चौकट कलली. ते परतले, पुन्हा तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते जाता-येता मिळून सोळा वेळा तिच्या पाठीमागून गेले आणि चौदा ताव बिघडले.

ते तिचे भासरे होते, नवऱ्याचे चुलत थोरले भाऊ. भासऱ्यासमोर उघड्या कपाळाने बसायचं नाही, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं. गोंड बाईचं त्यांच्याशी नातं नव्हतं, म्हणून तिचा हात जागचा हलला नाही. आणि वाटेपासून दूरच्या हौदावर नेलं असतं, तर हिचेही ताव चांगलेच निघाले असते.

मी सुट्टीत त्यांना गाठलं. "कारण सापडलं. तुम्ही."

"म्हंजे मी ताव फाडतो?"

"तुम्ही इथून जाता." आणि पदराची गोष्ट सांगितली.

ते चिडले. "मंग तिनं सांगाले पाह्यजे होतं ना!"

मागून एक म्हातारी बोलली, "भासऱ्याले कोण सांगन वो, का तुमी इकून येऊ नका म्हनून? तुमची घरवाली सांगते का तिच्या भासऱ्याले?" सगळी शेड हसली. पहिल्या हौदावरचीही हसली, पदराआड.

मी कोठी हलवायला सुचवलं असतं, पण त्यांना त्याहून सोपं सुचलं. कोठीची मागची भिंत फोडून त्यांनी बाहेरून दार पाडलं आणि हौदांच्या बाजूने जाणं बंद केलं. पुढच्या आठवड्यात पहिला रकाना बाकीच्यांसारखाच दिसू लागला. तिला कोणी उठवलं नाही. पुढे कित्येक वर्षं नव्या बायकांना चौकट धरायला तीच शिकवत होती.

शेड बंद होऊन खूप वर्षं झाली. हौद बुजवले, आता तिथे तुरीची पोती ठेवतात. कोठीच्या मागच्या भिंतीतलं दार अजून आहे, आणि हमाल त्यातूनच ये-जा करतात.