भुलीआधीचा प्रसाद

आमच्या भावकीत माझ्यावाणी धीराचा गडी शोधून सापडायचा न्हाई. हार्नियाचं आपरेशन ठरलं तवा मलाबी शोधावंच लागलं. मी गोठ्यात वैरणीमागं बसलो हुतो.

बायकूनं वढत सांगलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तितं कळलं, आपरेशन शिकाऊ डाक्टरीणबाई करणार, मोठं सर नुसतं शेजारी हुभं ऱ्हाणार. बाई माझ्या लेकीयेवढी. म्हसवडच्या सिद्धनाथाला म्हटलं, 'नाथा, हिला माझ्याच पोटावर हात बसवायचा हाय व्हय?'

आपरेशनच्या दिशी सकाळी म्हसवडास्नं भन आली, गुलाल आन पेढ्यांचा परसाद घिऊन. तोंडात पाणीसुदिक घालू नगा, असं डाक्टरांनी बजावलं हुतं. पर परसाद म्हंजी काय खाणं न्हवं, असं आमी समदीच धरून चालतो. भननं कपाळाला गुलाल लावला, मी एक पेढा खाल्ला. मग देवाचं उरवायचं कसं, म्हणून पुडीच संपवली.

थोड्या येळानं बाईनं येऊन इचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लंय?" मी छातीवर हात ठिवून सांगितलं, "पाण्याचा थेंब न्हाई." ती निघाली. दारापतुर गेली आन काय झालं कुणास ठावं, माघारी वळली. माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "काका, प्रसाद घेतलाय का?"

"व्हय की! पुडीभर. लय झ्याक हुता."

ती खाटंवर मटकन बसली. "अहो काका, भरल्या पोटी भूल दिली की खाल्लेलं उलटून फुप्फुसात जातं. माणूस टेबलावरच जातो."

आपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसऱ्या दिशी मीच आपणहून म्हटलं, "बाई, तुमीच करा." तिनं केलं, सर शेजारी हुभं. शुद्धीवर आलो तवा पोटावर टाकं हुतं आन डोळ्यांत पाणी. दारातनं तिला माघारी कुणी वळवलं, ह्याचा खल मी करत न्हाई. येवढंच कळलं, जीव दुसऱ्याच्या हवाली करायचा तर समदा करावा, पेढं पोटात लपवून न्हाई. हात जोडून बायकूला म्हटलं, "नाथच तिच्या तोंडनं बोलला गं."

ती म्हणाली, "बोलणारच. त्याला ठावं हाय, ह्यो बाबा दोनदा इचारल्याबिगर खरं सांगत न्हाई."