एका दुपट्ट्याचा आखाडा

खुशालरावांनी अकोटच्या आखाड्यात फिनाईलचा अख्खा डबा ओतला, तो चांगल्या हेतूनेच. त्यांच्या हातून होणारं सगळंच नुकसान चांगल्या हेतूने होत असे. जिनिंगच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी तिथे बसून कुस्तीचे सल्ले देत. स्वतः मात्र उभ्या जन्मात लंगोट नेसले नव्हते. ताक, हळद, तेल घालून पोसलेली ती माती आता दवाखान्याच्या मोरीसारखी वास मारू लागली.

पोरं नाक दाबून हसली. आखाडा चालवणारा शाहनवाज पहिलवान हसला नाही, रागावलाही नाही. फावडं घेऊन माती उपसत राहिला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर खुशालरावांना बरं वाटलं असतं.

शाहनवाज मुळात बोलका गडी. कापसाला भाव राहिला नाही, कितीतरी पोरं नांदगाव पेठेच्या कारखान्यांत पाळीवर गेली, तरी उरलेल्यांना त्याने हाताशी धरून ठेवलं होतं. आखाड्याचा कायदा त्याचा: खुंटीवर एकच दुपट्टा, सगळ्यांनी त्यालाच घाम पुसायचा. आपला वेगळा पंचा आणणारा म्हणजे भावाला परका मानणारा. जखम झाली की वर आखाड्याची माती. फोड आलाच तर मेडिकलमधून कॅप्सूल घ्यायच्या, आणि सूज उतरली की राहिलेल्या खिशात.

पुतण्या जुबेरच्या गुडघ्यावर फोड आला, तेव्हा शाहनवाजनेच त्यावर माती दाबली होती. कॅप्सूलनी काही झालं नाही. अकोल्याला नेईपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. अंगावरून, पंच्यावरून एकाचे दुसऱ्याला लागतात. सोबत गेलेल्या खुशालरावांनीही ते ऐकलं होतं, म्हणून तर तो डबा.

जुबेर पांढऱ्या कापडात परत आला. शाहनवाज रडला नाही. ताट वाढलं की जेवायचा, हाक मारली की बघायचा. एवढंच.

फिनाईलची माती उपसून झाल्यावर नवी आणली. दुपट्टा त्याने स्वतः जाळला. आता ज्याचा त्याने पंचा आणायचा, कुस्ती झाली की साबण लावून आंघोळ करायची, अंगावर पुळी असेल त्याने बाहेर बसायचं.

"उस्ताद, कुस्ती शिकवून राह्यले का आंघोळ?" खुशालरावांचा मुलगा बंडू म्हणाला.

शाहनवाजने साबणाची वडी त्याच्या हातात ठेवली.

जत्रेच्या दंगलीत बंडूची जोड वरूडच्या पहिलवानाशी लागली होती. खुशालरावांनी ती कुस्ती घरी रोज जेवताना जिंकून ठेवलेली. आदल्या दिवशी बंडूच्या दंडावर फोड निघाला. त्यांनी घट्ट पट्टी बांधली आणि त्याला आखाड्यात आणलं.

शाहनवाजने पट्टी सोडून पाहिली, पुन्हा बांधली, आणि साबणाने हात धुतले.

"दंगल नाई. अकोल्याले ने. देतील तितक्या साऱ्या गोळ्या खाय म्हन त्याले."

"अरे पहिलवान, दोन मिन्टाची तर कुस्ती," खुशालराव म्हणाले. "अशी पट्टी बांधतो का वरूडकराले वाटन, पोट्ट्यानं जिंकायच्या आधीच हार घातला."

शाहनवाज आपल्या पंच्याने हात पुसत राहिला.

खुशालरावांचा आवाज खाली आला. "वर्षभर घाम गाळला त्यानं. माह्याजवळ असते कधी तो? तुह्यंच तर पोट्टं हाये."

"म्हनूनच नाई म्हनून राह्यलो."