तेरा वार आणि अर्धी वीत

भाऊबीज झाली की मूल शहराजवळच्या आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गावच्या साऱ्या लेकी तेव्हा माहेरी आलेल्या असतात. गेल्या वर्षीपासून मंडईच्या दुपारी एक नवा खेळ सुरू झाला : लेकी विरुद्ध सुना, कबड्डी. मी लेकींकडून. वय चाळिशीपार, गडचिरोलीला दवाखान्यात परिचारिका, गुडघे कुरकुरतात. पण दिवाळी जवळ आली की वॉर्डातून चालतानाही मला चढाईला निघाल्यासारखं वाटतं.

पहिल्या वर्षी आम्ही हरलो. मैदान माझ्या भावानं पावलांनी आखलं होतं, आणि लेकींची बाजू झाली ऐसपैस, सुनांची आखूड. मोठ्या अंगणात शिरलेली कोंबडी कोण धरणार? सुना यायच्या, शिवायच्या, निसटायच्या. त्यांची कप्तान माझी वहिनीच. कॉलेजात कबड्डी खेळलेली.

या वर्षी मी मैदानावर आल्याआल्या सांगितलं, "मैदान मापानंच पाह्यजे."

"मले चालते," वहिनी म्हणाली. "बायकांचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. पण टेप कुठी हाय? गवंडीभाऊ चामोर्शीले घेऊन गेले."

धान कापून मोकळी झालेली बांधी साफ होती, चुना आणला होता, बाया पदर खोचून उभ्या होत्या. आणि माप नाही! आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "मीटर नोको सांगू वं मले. वार किती ते सांग."

मी मोबाइल काढला. बारा मीटरचे तेरा वार, आणि वर पॉइंट बारा.

"वरचं किती म्हणतं?"

"वाराचा आठवा हिस्सा, जवळजवळ."

आईनं बोटांवर मोजलं. "वाराचे दोन हात, हाताच्या दोन वीत. आठवा हिस्सा म्हंजे अर्धी वीत. तेरा वार आन् अर्धी वीत! आता रुंदी सांग."

आठ मीटर केले, तर आकडा आला आठ पॉइंट पंचाहत्तर.

"पावणेनऊ!" आई ओरडलीच. "आठ वार, एक हात, एक वीत."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. पण वहिनीनं बरोबर खोट काढली. "हात कोणाचा, आई? तुमचा का माया?" दोघींनी कोपराला कोपर लावून हात धरले. वहिनीचा चार बोटं लांब.

सगळ्या एकदम बोलू लागल्या. त्या कालव्यात मला भाऊबीजेची साडी आठवली. मी घराकडे पळत सुटले. भावानं आदल्या दिवशी दिलेली, घडीही न मोडलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, साडेपाच मीटर. म्हणजे बरोबर सहा वार! साडीच्या सहा सारख्या घड्या घातल्या की एक वार. त्याची अर्धी घडी म्हणजे हात, तिची अर्धी म्हणजे वीत, आणि तीही अर्धी केली की अर्धी वीत. कोणाच्या कोपराचा प्रश्नच नाही.

"मातीत लोळवू नोको," आई म्हणाली. म्हणून दोघी जणींनी साडी अधांतरी ताणून धरली आणि तिच्यावरून आम्ही सुतळी मोजली : साडी दोनदा, मग एक वार, अर्धी वीत. रुंदीलाही तसंच. मधली रेघ काढायला लांबीची सुतळी दुमडली. वहिनीनं समोरासमोरच्या कोपऱ्यांतली तिरपी अंतरं सुतळीनं ताडून पाहिली आणि मान डोलावली. "बराबर हाय."

आणि मग खेळ! बांधावर सगळं गाव. भाऊ शिट्टी घेऊन पंच. उन्हं कलली तरी गुण बरोबरीत. शेवटची चढाई माझी. मी "कबड्डी कबड्डी" करत आत शिरले, एकीला शिवले, वळले, तेवढ्यात वहिनीनं झेपावून माझा घोटा धरला. तिच्या अंगावरून आणखी दोघी माझ्यावर पडल्या. दम संपत आला होता. मी पोटावर सरकत हात लांबवला. रेघ अजून पुढे होती. अजून एक जोर केला, आणि बोटांना चुना लागला.

"चौघी बाद!" भाऊ ओरडला. "लेकी जिंकल्या!"

आई बांधावरून धावत आली ती थेट मैदानात. मला उठवेना, हसू आणि धाप एकत्रच आली होती. माझा घोटा अजून वहिनीच्या मुठीत होता. तीही धुळीत पडून हसत होती.

"उठा ना, ताई," ती म्हणाली. "काऊन झोपून राह्यल्या? उजेड हाय अजून. बाजू बदला, आन् आणखी एक डाव होऊन जाऊ द्या."

मी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिले, पदर पुन्हा खोचला आणि पलीकडच्या बाजूला गेले.