पोटरीची कातडी तळपाय होत नाही

सर्जननी दत्तारामच्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, मार्करनं रेघ मारली आणि म्हणाले, "इथून. सोमवारी घेऊ."

दत्ताराम रेघेकडे बघत होता. त्याची बायको सुनंदा माझ्याकडे बघत होती. त्याच्या पायाचं सॉकेट मी तीनदा बनवलं होतं, आणि टेबलावरच्या फाइलमध्ये सर्जननी नुकतंच लिहिलं होतं: सॉकेटचं फिटिंग सदोष, त्यामुळे जखम भरत नाही.

मी अलिबागला एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये कृत्रिम पाय बनवतो. बारावी नापास होऊन तळा गावाहून आलो, प्लास्टर कालवायला लागलो आणि बघून बघून शिकलो. त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या नावापुढे डिग्री नाही. म्हणून पाय चांगला बसला की नाव डॉक्टरांचं होतं आणि दुखला की सॉकेट सदोष ठरतं.

पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टम्प म्हणतो. तो ज्या कडक वाटीत बसतो ते सॉकेट. दत्ताराम दिवेआगरचा, नारळ-सुपारी काढणारा. वादळानंतर वाडीत आडवी झालेली झाडं ओढताना एक खोड त्याच्या पायावर घसरलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला, पण गुडघा वाचला होता. गुडघा असला की पाट ओलांडता येतो, पायरी चढता येते, बायकोच्या खांद्याशिवाय संडासला जाता येतं. तो गुडघा आता सोमवारी जाणार होता.

"सदोष कशावरून?" मी विचारलं.

"तीन सॉकेटं, तीन जखमा. अजून काय हवं?"

"माझ्या सॉकेटनं झालेली जखम मी ओळखतो. ही ती नाही."

"मग कुणाची आहे?"

"ते शोधतो. एक महिना द्या."

"इन्फेक्शन हाडात गेलं तर तुम्ही येणार आहात का सही करायला?"

माझा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मग मी आवाज खाली आणला, कारण ओरडून सौदा होत नाही. म्हटलं, "पाय माझ्याकडे जमा करतो, म्हणजे तो घालणारच नाही. रोज ड्रेसिंग, दर दोन दिवसांनी फोटो. ताप आला तर त्याच दिवशी आणतो, मग म्हणाल तिथून कापा."

"दोन आठवडे."

"कातडीला महिना लागतो, साहेब."

"कातडीचं मला शिकवू नका. तीन. वर एक दिवस नाही."

तीन आठवड्यांवर सौदा ठरला. दत्तारामला काय वाटतं ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

सेंटरवर आणून मी जखम नीट बघितली. सॉकेट चावतं ते ठरलेल्या जागी. नडगीचं टोक किंवा बाहेरच्या बाजूचं हाड. तिथं नाण्याएवढा लाल गोल उमटतो. प्रत्येक फिटिंगला मी स्टम्पला लिपस्टिक लावून सॉकेट घालायला सांगतो. आत रंग कुठं लागला त्यावरून दाब कळतो. दत्तारामच्या तिन्ही सॉकेटांत रंग जिथं हवा तिथंच लागला होता. आणि आता त्याची कातडी चहूबाजूंनी सोललेली होती. मागच्या मऊ मांसावरही बारीक उभ्या रेघा होत्या. सॉकेट अशा रेघा मारत नाही.

"घरी काय लावतोस याला?"

"काय न्हाय, सायेब."

"तेल? पाला? कुणाचं औषध?"

"आईशप्पत, काय लावत न्हाय."

तो खोटं बोलणारा माणूस नाही. तरी पाय ठेवून घेतला, त्यांना घरी पाठवलं, आणि दोन दिवसांनी न सांगता निघालो. काशीद, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोटीत बाइक चढवली, दिघीला उतरून दिवेआगर. दुपारच्या जेवणाआधी पोचलो.

दत्ताराम वाडीतल्या टाकीच्या कठड्यावर बसला होता. शेजारी बादली. ड्रेसिंग सोडून बाजूला घडी करून ठेवलेलं. हातात नारळाच्या काथ्याची मूठ. ती बादलीत बुडवायची आणि स्टम्पवर वरून खाली घासायची. दात आवळून, पण शिस्तीत, भांडं घासावं तसा.

"हे काय चाललंय?"

"कातडी कडक करतोय."

"बादलीत काय आहे?"

"मिठाचं पानी."

"कुठल्या गाढवानं सांगितलं हे?"

तो थोडा गोंधळला. "तुमीच की."

पहिल्या फिटिंगला मी म्हणालो होतो, सुरुवातीला थोडं सोलेल, घाबरू नकोस, मग कातडी सरावते, कडक होते. हे मी प्रत्येक पेशंटला सांगतो. बाकीचे ऐकून घरी जातात. दत्तारामनं कामाला सुरुवात केली होती.

त्यानं मला तळहात दाखवले. "पैल्यांदा माडावर चढलो तवा हे समदं सोलटून निघालं व्हतं. बापानं मिठाच्या पान्यात बुडवलं, काथ्यानं घासलं. दोन महिन्यांत लाकूड झालं. तळपाय बी तसंच. मंग म्हटलं, ह्ये का न्हाय व्हनार?"

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"तुमी इचारलं काय लावतोस. मी लावत न्हाय. घासतो."

सुनंदा मागून म्हणाली, "मी सांगत व्हते, भाऊ, रगत येतंय, थांबा. तर म्हनतात सायबाचा शब्द हाय. लगीन झाल्यापासून माझा एक शब्द ऐकला असंल तर शप्पत."

मग मी कठड्यावर बसून त्याला सांगितलं, ते इथंही सांगतो. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कौलं एकावर एक रचावीत तसा. पाणी आणि जंतू अडवायचं काम त्याचं. खाली तयार झालेली पेशी वर यायला साधारण महिना लागतो. रोज काथ्या मारला तर कौल चढायच्या आधीच उतरतं, आणि खालचा जिवंत थर उघडा पडतो. त्याच्यात रक्तवाहिन्या आहेत, घामाच्या ग्रंथी आहेत, दुखणं कळवणाऱ्या नसा आहेत. तळहात आणि तळपायाची कातडी जन्मापासूनच वेगळी. वरचा थर जाड, केस नाहीत, खालची चरबी धाग्यांनी हाडाकडे बांधलेली. म्हणून ती सरकत नाही आणि भार घेते. पोटरीची कातडी पातळ आणि सैल. तिचं काम ताणायचं, घाम सोडायचा, वारा कळवायचा. सॉकेटमध्ये तो घामही सुकत नाही, कातडी भिजून नरम होते. थोडी सरावते हे खरं, पण कितीही घासली तरी तळपाय होत नाही.

दत्तारामनं धड पायाची पोटरी आणि तळवा दोन्ही चिमटीत धरून बघितले. पोटरीची चिमटीत आली, तळव्याची आली नाही.

"मंग आता?"

"आता काहीच करायचं नाही. गावच्या दवाखान्यातली सिस्टर ड्रेसिंग करेल. ते सोडायचं नाही, भिजवायचं नाही. उरलेले एकोणीस दिवस."

"आठ करा. पाय तरी द्या, बसल्या बसल्या घालीन."

"एकोणीस. नाहीतर सोमवारची गाडी पकड."

सुनंदानं त्याच्या हातातला काथ्या घेतला आणि चुलीत टाकला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जखम मिटली. वर नवी गुलाबी कातडी आली होती, नखानंही फाटेल अशी, पण सलग. सर्जननी दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं आणि ऑपरेशन रद्द केलं. पुढे जुनंच सॉकेट, एक कणही न घासता, दत्तारामला बसलं. आधी दिवसाला दोन तास, मग चार. तो सहा मागत होता. झाडावर चढायचं विचारलं, त्याला मी नाही म्हणालो. तो खाली सुपारी सोलायला बसतो आणि वाडीभर स्वतःच्या पायांनी फिरतो.

ऑपरेशन रद्द झालं त्याच दिवशी मी सर्जनना म्हणालो होतो, "आता ती ओळ खोडा. फिटिंग सदोष नव्हतं."

"मान्य. मग कारण काय होतं?"

"पेशंट रोज काथ्यानं घासत होता."

"का?"

त्यांनी पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच लिहा. पेशंटनं असं का केलं, तेही लिहा. मी सही करतो."

मी पेन घेतलं. टोपण लावून परत दिलं.

ती ओळ फाइलमध्ये अजून आहे. चुकीची आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

नव्या पेशंटला मी आता कातडी कडक होईल असं सांगत नाही. त्याच्यापुढे पाण्याचा टब ठेवतो आणि म्हणतो, स्टम्प घरी धुतोस तसा धू. मी समोर बसून बघतो. दहा मिनिटं जातात.