अक्काचा पहिला चहा

माझी मावशी मंदाअक्का गेली, तो फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बाजारात भरताची वांगी निवडत होते. वांगी तिथंच टाकली आणि रडतरडत धरणगाव गाठलं. आता महिना झाला... आणि तिची आठवण आली की आधी हसूच फुटतं, काय करू!

आठेक वर्षांपूर्वी जळगावच्या एका केबल वाहिनीवर ‘लावा पैज’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. एकाने विक्रम करायचा, घरच्यांनी जमेल की नाही यावर पैज लावायची. पैसे नाहीत, हरेल त्याने कबूल केलेलं काम करायचं. कुणी सायकलवर उलटं बसे, कुणी एका दमात केळ्यांची फणी संपवी. अक्का गेली पुरणाचे मांडे करायला. दोन हात रुंद मांडा, नुसत्या हातांवर फिरवून, न फाटता चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर टाकायचा. मंगल कार्यालयात ते दिवे, ते कॅमेरे... बाई घाबरली. “मन्हा हात कापतस,” म्हणाली. तेवढ्यात नाना, म्हणजे तिचे यजमान, माइकवर ओरडले, “फाटी जाई! मी हारनू तं जन्मभर सकायना पयला चहा मी करसू!”

ज्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता, ते नाना! अक्काचं डोकं असं फिरलं की हात कापायचेच थांबले. “आते देखा तुम्ही!” मांडा कोपरांवरून फिरत वाढत गेला आणि खापरावर अख्खा पसरला. सगळ्यात जोरात टाळ्या नानांच्या. लबाड कुठचे!

पण चार भागांतच कार्यक्रम बंद पडला. आमचा होता पाचवा, तो कुणी पाहिलाच नाही. गावात कुणाचा विश्वास बसेना, अक्का हिरमुसली. तिच्या विक्रमाचा पुरावा एकच उरला होता, सकाळचा चहा. आता नाना अंग काढून घेणार, म्हणून कार्यक्रम बंद झाल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती जागीच पडून राहिली. चहा आला! निम्मा बशीत सांडलेला. तेव्हापासून रोज ती सगळं दूध वाया घालवलं म्हणून नावं ठेवी, “बठ्ठं दूध उतू घालं!” आणि कप मात्र शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करी.

गेल्या आठवड्यात मी मुक्कामाला होते. नानांनी पहिला कप अक्काच्या खापराशेजारी ठेवला, मग माझा भरला. मला राहवेना. “नाना, आता कशाला? अक्का गेली, पैज फिटली...”

ओट्यावरचं उतू गेलेलं दूध पुसता पुसता नाना म्हणाले, “हारनू कोन? मी. आनि मी तं आजून जित्ता शे ना!”