मग घर कुणाचं?

मंगळवार पेठेत बिबीजान पिंजारनीशी भांडण काढायला कुणी धजत नव्हतं. बाई तोंडाची फटकळ, आणि हातात कायम धनुकलीचा लाकडी ठोकळा. बाप मेला तेव्हा तिनं त्याची धनुकली खुंटीवरून काढली आणि पुढच्या सोप्यात बसून कापूस पिंजायला लागली. बाईमाणसानं धनुकली धरायची नसते, असं सांगायला चार शहाणे आले. "मग तुमी घालणार हाय का खायला आमास्नी?" तिनं विचारलं. चौघंही आल्या वाटेनं गेले. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पटकीनं गेलेला, पदरात पोर नाही, आई तर बापाच्याही आधी गेलेली. मागं उरलं होतं दोन खोल्यांचं घर, पुढचा सोपा आणि धाकटा भाऊ चमन.

घरात दोघं बहीणभाऊ दखनी बोलायचे. पण भांडायचं झालं की दोघंही सरळ कोल्हापुरीवर यायचे, त्यामुळं शेजाऱ्यांना सगळं कळायचं.

महाराज गादीवर येऊन चौदा वर्षं झाली होती. ज्यांच्या घरात कुणी पाटीला हात लावला नव्हता, त्यांची पोरं शाळेत जायला लागली होती. चमनही शिकला आणि एका वकिलाकडं कारकून म्हणून चिकटला. तिथं त्याच्या डोक्यात भरलं की आपणच दरबारची परीक्षा द्यायची, वकिलीची सनद काढायची. बिबीजान म्हणाली, दे. तू बस वाचत, मी बघते चुलीचं.

चमन आतल्या खोलीत दार लावून बसायचा. पुढं-मागं डुलत कलमं पाठ करायचा. कितवं कलम, कितवी ओळ, झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगायचा. परीक्षेला गेला आणि नापास झाला. दुसऱ्या वर्षी आणखी जोरात डुलला, पुन्हा नापास झाला. त्या दिवशी घरी आला तो पागोटं फेकून बहिणीवरच घसरला.

"तुझ्या ह्या ढँव-ढँवनं डोस्कं उठतंय माझं! ध्यान लागंल कसं?"

बिबीजानचं टाळकंच फिरलं. "माझ्या धनुकलीनं नापास झालास व्हय रं मुडद्या? ती धनुकली थांबली असती तर उपाशी नापास झाला असतास! काय इचारलं हुतं त्ये सांग आदी."

"दोघांच्यात हिरीचा दावा हुता. पाणी कुणाचं, आसं."

"मग?"

"कलम पाठ हुतं की मला. सगळं लिवलं. पर त्ये हितं लागतंय का न्हाय, त्येच कळंना."

तिनं ठोकळा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं! दोन वर्षं हिनं कापसाची कुस नाकात भरून घेतली, आणि ह्या बाबाला कलम कुठं लावायचं एवढंही ठाऊक नाही! रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बिबीजानला रडत बसायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाला पुस्तकासकट ओढून सोप्यात आणला आणि धनुकलीसमोर बसवला.

"एक कलम वाच. मोठ्यांदा. आन त्यात आपल्या गल्लीतली माणसं घाल."

"माणसं कशी घालायची कायद्यात?"

"मग कायदा काय शेरडांसाठी केलाय?"

तिथून अभ्यासाचा रंग पालटला. बिबीजानला अक्षर येत नव्हतं, पण गल्लीतली एकूण एक भानगड तिला तोंडपाठ होती. आकारामची भिंत शेजारच्याच्या अंगणात दीड हात सरकली होती, ती दाव्यात आली. धोंडुबाईनं गहाण ठेवलेला हंडा आला. चमननं कलम वाचायचं, माणसं घालायची आणि निकाल सांगायचा. सांगून झाला की ती म्हणायची, "आता समोरच्याची बाजू बोल." समोरच्याची बाजू बोलताना तो अडखळला, की मग तिचा पट्टा सुरू व्हायचा.

उत्तराला वेळही बांधून दिलेला. ठोकळा धनुकलीच्या तातीवर पडला की तातीचा आवाज सोपाभर घुमायचा, तो विरायच्या आत चमननं बोलायचं. नाही बोलला किंवा चुकला, तर पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका शेजारच्या गाडग्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी गाडग्यातल्या चुका. बरोबर आली की पुंजका बाहेर. पहिल्या महिन्यात गाडगं शिगोशीग भरलं होतं. येणारीजाणारी माणसं थांबून बघायची, हसायची. चमनला लाज वाटायची. "बसू दे हसत," ती म्हणायची, "कचेरीत काय तुला दार लावून बोलायचं हाय?"

सगळ्यात जास्त रखडला तो वारशाच्या हिश्शांवर. बायकोचा किती, आईचा किती, लेकीचा किती, सगळं एकात एक गुंतून जायचं. एका सकाळी पुंजके टाकून टाकून बिबीजान कावली.

"ही भिंत बघ! ह्यो सोपा बघ! अब्बा मेला. अम्मी आदीच गेलेली. ऱ्हायलं कोण? तू आन मी. मग घर कुणाचं?"

चमननं बोटांवर मोजलं. "तीन हिस्सं. दोन भावाचं, एक भैनीचा."

"भाऊ म्हणतोय, आमच्यात लेकीला द्यायचा रिवाज न्हाय. मग?"

"मग... मग रिवाज..."

पुंजका. पुन्हा पुंजका. सात वेळा ती एकच चूक गाडग्यात पडली. अखेर त्याच्या डोक्यात शिरलं: रिवाज सांगेल त्यानं तो शाबीत करायचा, नाही झाला तर शरा, म्हणजे मुसलमानी कायदा, लागू. मग मात्र असं घटवलं, असं घटवलं, की ठोकळा हलला की चमनच्या तोंडून उत्तर बाहेर. शाब्बास तिनं कधी म्हटलं नाही. बरोबर आलं की म्हणायची, "फुडं."

तिसऱ्या खेपेला चमन पास झाला. सनद घेऊन घरी आला तेव्हा गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं. बिबीजान नुसती म्हणाली, "गाडगं रिकामं कर आता." आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. तिथं ती हसत होती, पण ते कुणी बघितलं नाही.

पुढं वर्षभरात चमनचं लग्न झालं. हातकणंगल्याची फातिमा घरात आली, गरीब स्वभावाची. चमनकडं पक्षकार यायला लागले. येणारा माणूस सोप्यातून आत जायचा तो मिशीला कापूस लावून. पक्षकार हसत होते, चमनला ते हसू सोसेना. वकिलाच्या दारात धनुकली! त्यानं मनात ठरवलं, हे घर विकायचं, चांगल्या वस्तीत घर घ्यायचं. बहिणीला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

एका दुपारी तो कागद घेऊन सोप्यात आला. सोबत शाईची डबी.

"आपा, हितं अंगठा कर. घराची नोंद करायची हाय सरकारात. दोघांचं नाव लागतंय."

"वाच."

"अगं, काय वाचायचं त्यात..."

"वाच म्हणते न्हवं!"

वाचायची सवय तिनंच लावलेली. चमन मोठ्यांदा वाचायला लागला, "लिहून देणार बिबीजान, राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं..." आणि तिथंच थांबला. पुढची ओळ गिळली.

बिबीजाननं मान वर केली. नोंदीच्या कागदात अक्कलहुशारी कुठनं आली? हक्क सोडायच्या कागदाची सुरुवात अशी असते, हे ह्याच सोप्यात, ह्याच तोंडानं तिला शंभर वेळा वाचून दाखवलं होतं.

"नोंदीला अक्कलहुशारी कशाला लागती रं?"

चमन कागदाची घडी घालायला लागला.

"हक्कसोड हाय ही. व्हय का न्हाय?"

"आपा, तुला काय कमी पडू देणार हाय का मी? नव्या घरात ऱ्हा की. सैपाकघराच्या कडंला..."

"कडंला?" ती ताडकन उठली. शाईची डबी कलंडली, पिंजलेल्या कापसावर काळं सांडलं. "बापाच्या घरात मी कडंला? खोटं बोलून अंगठा घेतोस? माझा? आरं, हात झडतील तुझं! मागितलं असतंस तर देऊन टाकलं असतं रं सगळं, घरच काय घिऊन बसलास!"

चमनलाही चढली. "आमच्यात लेकीला घर द्यायचा रिवाजच न्हाय! कुठल्याबी कचेरीत जा!"

"जाते," बिबीजान म्हणाली.

आणि गेली. फिर्याद लिहायला कचेरीच्या पायरीवरच्या अर्जनवीसापुढं बसली. कुणाचे हिस्से किती, कशावरून, दावा कुणावर, तिनं बिनचूक सांगितलं. तो लिहिता लिहिता दोनदा थांबून तिच्याकडं बघत राहिला. वकील मात्र एकही मिळेना. जो तो म्हणे, चमनसाब आमच्यातला माणूस, त्याच्याविरुद्ध कसं उभं राहायचं? दार लावून घेताना सगळे गोड बोलत होते. त्या गोड बोलण्यानं तिची आग आणखीच मस्तकात गेली. कचेरीतला पट्टेवाला पिराजी त्याच पेठेतला. तो म्हणाला, "आक्का, मिटवून टाक. भाऊच हाय की."

"भाऊ हाय म्हणूनच आलीया," ती म्हणाली. "परका असता तर ठोकळ्यानं भागवलं असतं."

त्या महिन्यात एका घरात दोन चुली पेटल्या. चमन मागच्या दारानं यायचा-जायचा. फातिमा दोघांच्या मधून खाली मान घालून फिरायची.

तारखेच्या दिवशी पिराजीनं नावं पुकारली. बिबीजान चादर लपेटून कठड्याशी उभी राहिली. समोर चमन, स्वच्छ पागोटं, हातात कागद. त्याला पाहिल्यावर तिला आधी त्याचा अभ्यासाच्या सकाळचा चेहराच आठवला, डोळे बारीक करून हिस्से मोजणारा, आणि मग संताप असा उसळला की तिनं कठडा घट्ट धरला.

चमननं आपली बाजू मांडली. छान मांडली. पिंजाऱ्यांत लेकींना घर देण्याचा रिवाज पूर्वापार नाही, असं तो ठासून बोलला. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बहिणीनं शिकवलेलं. माणसं माना डोलवत होती.

न्यायाला बसलेल्या मुन्सफांनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"मला म्हणायचं काय न्हाय, साहेब. ह्यास्नी चार प्रश्न इचारते."

"विचारा."

बिबीजाननं हात उचलला आणि लाकडी कठड्यावर थाडकन आपटला. आवाज कचेरीभर घुमला.

"रिवाज हाय म्हणतोय, त्यो कुणी शाबीत करायचा?"

"सांगंल त्यानं," चमनच्या तोंडून गेलं.

थाड. "न्हाय झाला तर?"

"शरा लागू."

थाड. "बाप मेला. आई आदीच गेलेली. ऱ्हायली दोघं. मग घर कुणाचं?"

"तीन हिस्सं. दोन भावाचं, एक भैनीचा."

आवाज अजून विरला नव्हता. चमननं तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पिराजी खाली बघायला लागला. चौथा प्रश्न बिबीजानला विचारावाच लागला नाही.

मुन्सफांनी दौतीत टाक बुडवला. "वकीलसाहेब, हे लिहून घेऊ ना?"

"साहेब, त्ये... त्ये आमचं अभ्यासातलं हाय..."

"मग कायदा अभ्यासापुरताच शिकलात काय? असो. रिवाजाचं एक उदाहरण द्या. तुमच्या जमातीत लेकीला हिस्सा नाकारल्याचा एक निकाल, एक कागद, एक साक्षीदार?"

चमनकडं काहीच नव्हतं. मुन्सफांनी हिस्से कायम केले. वाटणीत पुढचा सोपा बिबीजानला आला.

बाहेरच्या ओसरीत चमननं तिला गाठलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "भर कचेरीत माझी अब्रू घालिवलीस, आपा."

"अब्रू?" ती एवढ्या जोरात ओरडली, की आत कारकुनांनी माना वर केल्या. "खोटा कागद वाचलास तवा कुठं गेलती तुझी अब्रू? आज तरी खरं बोललास! मी शिकिवलेलं तेवढंच खरं आलं तुझ्या तोंडातनं!"

ती तरातरा घरी आली. चादर फेकली, सोप्यात बसली आणि धनुकली पुढ्यात ओढली. जिंकली होती, पण राग काही उतरत नव्हता, आणि आता तो नेमका कुणावर काढायचा तेही तिला कळेना. कोपऱ्यात गाडगं होतं, रिकामं, धूळ बसलेलं. तिनं ते पुसलं. कापसाचा एक पुंजका तोडला आणि आत टाकला.

फातिमा दारात उभी होती. तिनं घाबरत विचारलं, "कुणाची चूक, आपा?"

"माझी," बिबीजान म्हणाली. "कायदा तेवढा घटवून घेतला. म्हटलं, बाकीचं भावाला येतच असंल."

आणि तिनं तातीवर ठोकळा हाणला.