गणवेशधारी

१३ फेब्रुवारी १९६८, मंगळवार, सकाळचे साडेसात. या वेळेस लवादाचा निवाडा माझ्या हातात पडला. मी तेव्हा औरंगाबादेतील एका सरकारी दवाखान्यात शिंपी होतो आणि तेथील चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या युनियनचा चिटणीसही होतो. चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियागृहातील हिरवे झगे शिवणे ही माझी नोकरी. सरकारी कागद वाचून त्याचा अर्थ लोकांना सांगणे हे युनियनचे काम. माझे शालेय शिक्षण उर्दूत झाले. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली आणि मराठी मी नियमांची पुस्तके वाचून शिकलो. म्हणून माझ्या मराठीला आजही कचेरीचा वास येतो. पण कागदात शब्द उगाच पडत नाही, एवढे त्या पुस्तकांनी मला शिकवले.

पगाराचा वाद दोन वर्षे चालला होता. सरकार एक बोलत होते, आम्ही एक बोलत होतो, म्हणून तिऱ्हाईत नेमला गेला. त्याने दोन्ही बाजू ऐकून जे ठरवले तो हा निवाडा. कापडकोठीत मशीनसमोर बसून मी तो वाचला. मूळ पगार वाढला होता. महागाई भत्ता वाढला होता. मागील तारखेपासूनचा फरक मिळणार होता. चौथ्या पानावर मात्र पगाराच्या दोन श्रेण्या केल्या होत्या. वरची श्रेणी ‘गणवेशधारी’ कर्मचाऱ्यांसाठी आणि खालची ‘इतरांसाठी’. शिपाई, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, पहारेकरी हे सर्व गणवेशधारी. आया इतरांत.

मी ते पान पुन्हा वाचले. अर्थ तोच निघाला.

आयांना गणवेश का नव्हता, हे त्या दवाखान्यात सर्वांना ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी साड्या आल्या होत्या. जाड, पांढऱ्या, बिनकाठाच्या. ज्याने त्या मागवल्या त्याला बहुधा घर नसावे, किंवा घरात बाई नसावी. बाळंतपणाच्या वॉर्डातील सर्वांत जुन्या आयाने आपली साडी उलगडली, पाहिली आणि तशीच माझ्या टेबलावर परत ठेवली. ती मूळची खुलताबादकडची. सारा दवाखाना तिला मावशी म्हणत असे. तिचा नवरा शहागंजात टांगा चालवी.

“मास्तर, धनी जिता हाय माहा,” ती म्हणाली. “मी पांढरं नेसू व्हय?”

शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. त्या दिवशी एकीनेही साडी घेतली नाही. एका मुसलमान आयाला मी विचारले, तुम्हाला काय हरकत? ती म्हणाली, “मेरेकू सफेद चलता मास्टर. पन इनो नै पैनते तो मैं बी नै पैनती.” युनियनने रंगीत काठाची साडी मागितली. उत्तर आले नाही. कचेरीने मात्र आपल्या दप्तरात लिहून ठेवले : आयांनी गणवेश नाकारला. त्यानंतर त्या स्वतःच्या लुगड्यांवर काम करीत राहिल्या. बाळंतपणाच्या वॉर्डात लुगड्याचे काय होते ते मी येथे लिहीत नाही. ज्यांनी तो वॉर्ड पाहिला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

दुपारी दोन वाजता ड्यूटी बदलते. त्या वेळी धोबीखान्यामागील कडुलिंबाखाली सभा होती. दोन्ही पाळ्यांची माणसे जमली. माझ्या शेजारी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उभा होता. मी मराठीत सांगावे आणि ज्यांना ते उर्दूत बरे समजते त्यांना त्याने सांगावे, अशी आमची वाटणी होती.

मी म्हणालो, “हा निवाडा आहे. हे बक्षीस नाही. कोणी मेहेरबानी केलेली नाही. तेव्हा कोणाचे पाय धरायला जाऊ नका.”

“फैसला है, इनाम नै,” ड्रायव्हरने सांगितले. “सलाम करने की जरूरत नै.”

“ते ऱ्हाऊ द्या मास्तर, फरक कधी मिळतो ते बोला,” माळी मागून ओरडला.

“तेरेकू क्या फरक पडता?” ड्रायव्हर म्हणाला. “मिला तो बी उधारी, नै मिला तो बी उधारी.”

लोक हसले. मी हसलो नाही, कारण चौथे पान यायचे होते. ते मी जसेच्या तसे वाचले आणि आया कोठे पडतात ते सांगितले. हसणे थांबले.

मावशी पुढे आली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या महिन्याच्या अखेरीस ती निवृत्त होणार होती. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. खालच्या श्रेणीत निवृत्त झाली तर उरलेले आयुष्य तिला खालच्या श्रेणीचेच पेन्शन मिळणार होते. टांगा विकून झाला होता. नवरा अर्धांगाने खाटेवर होता. घरात मिळवणारे दुसरे कोणी नव्हते.

“म्हंजी वर्दीवाल्या शिपायाला जास्ती, आन् माझ्या हातावर लेकरं आली त्याचं काय नाय?” तिने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. खोटे सांगण्याचे काही कारण नव्हते.

तेवढ्यात आमचे अध्यक्ष आले. ते वकील होते. गुलमंडीजवळ त्यांची कचेरी होती. लवादापुढे आमची बाजू त्यांनीच मांडली होती. येताना त्यांनी हार आणला होता. तो कोणीतरी त्यांनाच घालायचा होता. मी हार बाजूला ठेवला आणि विचारले, “आयांच्या साडीचा मुद्दा आपण लवादापुढे मांडला होता ना?”

ते म्हणाले, “तो मी सोडला.”

“का?”

“अहो, पगारश्रेणीचे, महागाईचे एवढे मोठे प्रश्न होते. त्यात बायकांच्या लुगड्याचा रंग काढला असता तर हसे झाले असते.”

त्या वाक्याला आज पन्नासांहून अधिक वर्षे झाली. ते मी विसरलेलो नाही आणि क्षमाही केलेली नाही. सरकार आपले नव्हते हे मला माहीत होते. लवाद आपला नसतो हेही माहीत होते. वकील मात्र आमच्या वर्गणीवर उभा होता, आणि त्या वर्गणीत आयांचे पैसे होते.

मी त्यांना सर्वांसमोर म्हणालो, “मग आता आत जाऊन कचेरीशी बोला. मार्ग काढल्याशिवाय बाहेर येऊ नका. हार तोपर्यंत येथेच राहील.”

ते गेले. अर्ध्या तासाने परत आले ते प्रसन्न चेहऱ्याने. मार्ग निघाला होता. गणवेशधारकांची यादी त्याच सायंकाळी वरच्या कचेरीकडे जायची होती. साडेपाचपूर्वी जी आया गणवेश नेसून कचेरीचे मुख्य कारकून, म्हणजे बडेबाबू, यांच्यासमोर उभी राहील, तिचे नाव यादीत जाईल. साड्या कोठीत पडून होत्याच. बाकीच्यांनी पुढे अर्ज करावा.

“काम झाले!” वकीलसाहेब म्हणाले. “मावशी, आजच्या आज नेसून टाका.”

मावशीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“अहो, रंगात काय आहे? कापडच ते.”

“कापडच हाय ना? मंग एक दिस तुमच्या बायकूला नेसवा, वकीलसाहेब. आन् तुमी म्होरं बसून जेवा.”

कोणी हसले नाही. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि कोर्टात तारीख असल्याचे सांगितले. हार तेथेच राहिला. नंतर धोब्याच्या बकरीने तो खाल्ला.

लोक पांगले. मावशी लिंबाखालीच बसून राहिली. मी तिच्याजवळ गेलो. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती.

“मास्तर, धन्याला बोलता येत न्हाई. डोळं तेवढं हालतात. सांजच्याला मी आले की दाराकडं बघतो. त्यानं दारात पांढरं लुगडं बघितलं तर काय समजंल? आपुन मेलो आन् आपल्याला कुणी सांगितलं न्हाई, आसंच वाटंल त्याला.”

मी विचारले, “आणि पेन्शन?”

“त्याच्या दवापान्याला पायजेल. म्हनून तर बसले हितं. न्हाईतर कवाच गेले आसते घरी.”

मी तिला चार वाजता कोठीत येण्यास सांगितले. धीर वगैरे दिला नाही. धीर देऊन यादीत नाव जात नाही.

कोठीत वरच्या फळीवर साड्यांचा गठ्ठा होता. घड्यांवर त्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यातल्या त्यात बरी एक काढली. नंतर बाद करायच्या कपड्यांतून शस्त्रक्रियागृहातील एक हिरवी चादर घेतली. मधोमध विरली होती, कडा मजबूत होत्या. कडांच्या चार बोटे रुंद पट्ट्या कापल्या, टोकाला टोक जोडले आणि साडीच्या दोन्ही अंगांना काठ शिवला. पदराला आडवी पट्टी लावली. कापड जाड होते. सुई दोनदा मोडली. रागात मशीन चालवू नये, असे माझे वडील सांगत. त्या दिवशी मी ते मानले नाही. तरी शिवण सरळ आली.

मावशी चारला आली. काठ दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

“हिरवा हाय,” ती म्हणाली.

“हिरवाच आहे.”

ती आतल्या खोलीत जाऊन नेसून आली. आम्ही दोघे कचेरीत गेलो. बडेबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला, साडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मला विचारले, “मास्तर, हे काय आहे?”

“गणवेश.”

“गणवेश पांढरा आहे.”

“ही पांढरीच आहे. गणवेशाच्या आदेशात ‘पांढरी साडी’ लिहिले आहे. काठ नसावा असे कोठे लिहिले असेल तर दाखवा.”

“प्रत्येक गोष्ट लिहिलेली नसते.”

“आज सकाळपासून तर फक्त लिहिलेलेच चालले आहे, बडेबाबू. गणवेशधारी हा शब्द मी लिहिलेला नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “कापड कोणते?”

“बाद झालेल्या चादरीचे. तपासून घ्या.”

“आणि उद्या सगळ्या आया हेच मागतील, त्याचं काय?”

“मागतील. म्हणूनच शिवले आहे.”

ते मावशीकडे वळले. तिच्या हातावर त्यांच्या सुनेचे बाळंतपण झाले होते. तिने त्याचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही. त्यांनी पेन पुन्हा उचलले आणि यादी पुढे ओढली. अखेर म्हणाले, “नाव सांगा पूर्ण.” तिने सांगितले. त्यांनी लिहिले, आणि ते शाईने लिहिले आहे याची मी वाकून खात्री करून घेतली.

“विश्वास नाही का मास्तर?”

“नाही,” मी म्हणालो.

बाहेर वऱ्हांड्यात इतर आया उभ्या होत्या. त्यांनी मावशीला गोल फिरवून पाहिले. एकीने पदर हातात घेऊन शिवण तपासली. “लेकीच्या लग्नाला नेसायजोगी हाय की!” ती म्हणाली. मावशी थोडी हसली. मग साऱ्या माझ्याकडे वळल्या. “आमचंबी शिवा, मास्तर. उद्याच्याला अर्ज करतो आमी.” मी म्हणालो, शिवीन.

मला वाटले होते की मावशी तशीच घरी जाईल. मी समजत होतो की हिरव्या काठाने प्रश्न मिटला. ती पुन्हा कोठीत आली, आतल्या खोलीत गेली आणि आपले जुने तांबडे लुगडे नेसून बाहेर आली. साडी घडी करून तिने माझ्या मशीनवर ठेवली.

“ऱ्हाऊ द्या हितंच. म्हैनाअखेरपत्तुर हितंच नेसीन, हितंच सोडीन.”

“काठ आहे ना तिला,” मी म्हणालो.

“तुमाला काठ दिसतो, मास्तर. त्याला खाटेवरून मदला पांढरा दिसंल.”

ती फाटकाकडे गेली. ड्रायव्हर ॲम्ब्युलन्स धूत होता. तो उभा राहून म्हणाला, “खाला, छोड के आऊं क्या घर तक?” ती म्हणाली, “नगं बाबा. तुज्या गाडीतून उतरले तर गल्लीत रडारड व्हईल.” आणि चालत गेली.

पगार, भत्ता, फरक, सारे मिळवून आम्ही जिंकलो असे त्या दिवशी शहरात बोलले गेले असेल. वकीलसाहेबांनी तर ते सांगितलेच असेल. मी कोठीत उभा होतो आणि माझ्या समोर एक साडी होती. तीस वर्षे इमानाने काम केलेल्या बाईला स्वतःच्या घरापासून ती लपवावी लागत होती. एवढ्यासाठी कोणी रागावू नये असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मला बोलायचे नाही.

साडी मी खालच्या फळीवर, तिच्या हाताला येईल अशी ठेवली. हिरव्या चादरीचे उरलेले कापड चार बोटांच्या पट्ट्यांत कापून गुंडाळ्या केल्या. मोडलेल्या सुयांचे तुकडे वेचून डबीत टाकले, मशीनमध्ये नवी सुई बसवली, तेल घातले आणि कोठीला कुलूप लावले.